हाय तसं वापरा की!
ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबली आणि आमचा जुना लॅपटॉप भंगारात जायची वेळ आली. भाच्यानं पेनड्राइव्ह आणला, अर्ध्या तासात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली घालून दिली. "मामा, आता काय बी करू नका. हाय तसं वापरा की," असं बजावून तो पोवई नाक्याकडं सटकला.

हाय तसं कसं वापरणार? दुसऱ्याची सायकल घेतली तरी आपण आधी सीट वरखाली करतोच.

पहिला कळफलक. मी इनस्क्रिप्टवाला, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळफलकावर टाइप करणारा. रोमन अक्षरं बडवून मराठी उमटवणाऱ्यांवर राग नाही, पण 'ज्ञ'साठी इंग्रजीतलं काय काय जोडायचं हे मला आठवत नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. त्यामुळं 'सातारा' टाइप करायला काय सुख आहे म्हणून सांगू! उजवीकडं स, डावीकडं काना; त, काना; र, काना. ताशावर काड्या पडाव्यात तसे हात आलटूनपालटून. 'सांगली'त मात्र काना आणि अनुस्वार दोन्ही डाव्या हातात, लगेच ग आणि ल दोन्ही उजव्या. ठेका चुकतो. सांगलीच्या पाहुण्यांना हे सांगितलं तर ते भडंगाचा पुडा परत घेऊन जातील.

मग 'ल'. तो हिंदी वळणाचा, दांडीला टेकलेला येत होता. दोन पाकळ्यांचा आपला 'ल' असलेला फॉन्ट सापडेपर्यंत दुपार गेली. घड्याळ, रात्रीचा पिवळसर उजेड वगैरे किरकोळ कामं मग उरकली.

वॉलपेपरला अजिंक्यतारा लावला. बायको म्हणाली, "खिडकी उघडा की, तिथंच आहे." उघडली. पण खिडकीतला वाळक्या गवताचा, माझा श्रावणातला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर टचपॅडवर बोटं वर नेली की पान खाली पळतंय. वीजबिल भरताना तिनं तिच्या सवयीनं दिशा फिरवली होती. मी परत फिरवली. संध्याकाळी पुन्हा उलटी.

शेवटी तिला वेगळं खातं काढून दिलं. त्यात तिनं ती दिशा तेवढी बदलली. बाकी सगळं हाय तसं.