तीन, नऊ, पंधरा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांनी थिन फिल्म, म्हणजे पदार्थांचे अतिपातळ थर, हा विषय घेतला. कोल्हापुरात फिजिक्स करणाऱ्याला थिन फिल्म म्हणजे घरचं जेवण. सिनिअर असतात, सेटअप असतो, अडलं तर विचारायला शेजारचं टेबल असतं. मी नॉनलिनिअर दोलक घेतला. कारण अगदी घरगुती होतं: काकांचं उद्यमनगरात टर्निंगचं वर्कशॉप आहे, तेव्हा लोखंडाचं काही बनवायचं असेल तर फुकटात होईल, असा माझा हिशेब. फुकटात झालं खरं, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी त्या शेडमध्ये अडकले.

विषय सरांनी सांगितला तेव्हा सोपा वाटला होता. साध्या दोलकाला, म्हणजे स्प्रिंगला टांगलेल्या वजनाला, दुप्पट जोर लावला की झोका दुप्पट होतो. दोन जोर एकदम लावले तर दोघांचे परिणाम वेगवेगळे काढून बेरीज करायची. बीएस्सीला आम्ही हेच शिकलो. 1918 मध्ये गेओर्ग डफिंग या जर्मन इंजिनिअरने विस्थापनाचा घन असलेली एक टर्म घेऊन सक्तीच्या कंपनांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्या समीकरणाला त्याचं नाव आहे. त्या एका टर्मने बेरीज संपते. बेरीज चालते तो दोलक लिनिअर, चालत नाही तो नॉनलिनिअर. बाहेरून नियमित धक्का द्या, वर थोडा अनियमित गोंगाट द्या. दोन्ही मिळून काय होईल ते दोघांकडे वेगवेगळं बघून कळत नाही. हे वाक्य मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं. कळलं मात्र फेब्रुवारीत.

सेटअप असा: अँगलची चौकट, वरच्या आडव्या पट्टीत पोलादी पट्टी घट्ट पकडून खाली टांगलेली, आणि तिच्या टोकाखाली दोन चुंबक, एकमेकांपासून पाचेक सेंटिमीटरवर. फ्रान्सिस मून आणि फिलिप होम्स यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अशाच मांडणीवर केऑस, म्हणजे नियमांतूनच निघणारी पण अंदाज न बांधता येणारी हालचाल, दाखवला होता. पट्टी मधोमध सरळ राहत नाही, डाव्या नाहीतर उजव्या चुंबकाकडे झुकते. ज्यांनी उसाचं रान बघितलंय त्यांना हे समजवायला आकृती लागत नाही: दोन सऱ्या आणि मधे वरंबा. पट्टी कुठल्यातरी एका सरीत असते, आणि पलीकडे जायचं तर वरंबा ओलांडावा लागतो.

पहिली पट्टी म्हणून मी हॅकसॉचं 12 इंची ब्लेड लावलं. ते इतकं ताठ, की चुंबकांना दाद देईना. काकांनी दोन मिनिटं बघितलं आणि खोक्यातून 0.2 मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ पोलादी पत्र्याची पट्टी, काढून दिली. ती 20 सेंटिमीटर लांब ठेवली की सेकंदाला चारेक झोके घेते. चुंबक लावले की हा आकडा थोडा बदलतो, पण अंदाजाला पुरे.

आता बाहेरचा धक्का. पूर्ण चौकट एका छोट्या मोटरच्या एक्सेंट्रिकने, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या चकतीने, आडवी हलवायची आणि मोटरचा वेग हळूहळू वाढवत जायचं. धक्का कमी ठेवलेला, त्यामुळे पट्टी एकाच सरीत थरथरत राहायची. एका ठरावीक वेगाला पोचले की थरथर एकदम मोठ्या झोक्यात बदलायची. हळूहळू वाढत जाणं वगैरे काही नाही; आत्ता बारीक, पुढच्या क्षणी मोठा. मी तो वेग टिपला, मोटर जरा वाढवली, मग कमी करत उलटी आले. त्याच आकड्यावर झोका बारीक व्हायला हवा होता. झाला नाही. त्याच्या बऱ्याच खालच्या वेगापर्यंत तो मोठाच राहिला आणि मग खाडकन पडला.

मला वाटलं रेग्युलेटर खराब आहे. बदलला. नवीन रेग्युलेटरवरही तेच. मग वाटलं मोटरचा वेग मोजणारं टॅकोमीटर चुकीचं दाखवतंय. त्यात आणखी चार दिवस गेले. शेवटी ग्राफ सरांकडे नेला आणि आधीच माफी मागितली. सर हसले. म्हणाले, "यंत्र बरोबर आहे, तुझी अपेक्षा लिनिअर आहे." ठरावीक वेगापाशी झोका सगळ्यात मोठा होतो, तो रेझोनन्स; ग्राफवर त्याचा डोंगर दिसतो. नॉनलिनिअर दोलकाचा हा डोंगर एका बाजूला कलतो. कललेल्या भागात एकाच वेगाला दोन स्थिर झोके शक्य असतात, एक बारीक आणि एक मोठा, आणि तुम्ही कुठल्या बाजूने आलात यावर कुठला मिळेल ते ठरतं. आमचा डोंगर कमी वेगाकडे कललेला होता, म्हणून चढताना उशिरा उसळी आणि उतरताना उशिरा पडणं. माझा सगळ्यात चांगला ग्राफ मी बिघाड समजून आठवडाभर लपवून ठेवला होता.

डिसेंबरात खरी डोकेदुखी सुरू झाली. शेडच्या भिंतीला लागून एक पॉवर प्रेस आहे. ती ठोकायला लागली की जमीन हलते आणि माझी पट्टी मनाला येईल तेव्हा या सरीतून त्या सरीत उडी मारते. मी चौकटीखाली रबर घातलं, मग रबराखाली वाळूची पोती. मग प्रेस बंद झाल्यावर रात्री आठनंतर काम करायला लागले, म्हणजे घरून जेवणाचे फोन आणि थंडीत स्कूटरवरून परत येणं. सरांना सांगितलं, सर, नॉइज फार आहे. त्यांनी विचारलं, "प्रेस चालू असताना मिनिटाला उड्या किती?" मी गप्प. मी मोजल्याच नव्हत्या. मी त्या रीडिंगांवर काट मारत आले होते.

इथे जरा विषयांतर करते, कारण मला याने बरं वाटलं होतं. बाल्थाझार व्हॅन डर पोल हा या विषयातला फार मोठा माणूस. 1927 मध्ये तो आणि त्याचा सहकारी व्हॅन डर मार्क एका सर्किटला बाहेरून नियमित सिग्नल देऊन टेलिफोन रिसीव्हरमध्ये कान लावून ऐकत होते. एका लयीतून दुसऱ्या लयीत जाताना मधेच त्यांना खरखर ऐकू यायची. त्यांनी लिहून ठेवलं आणि दुय्यम गोष्ट म्हणून सोडून दिलं. आज ती केऑसची सुरुवातीची नोंद म्हणून सांगितली जाते. निदान त्यांनी लिहून तरी ठेवलं.

सरांनी मग प्रोजेक्टची दिशाच बदलली: नियमित धक्का इतका कमी ठेवायचा की एकट्याने पट्टी कधीच वरंबा ओलांडणार नाही, आणि मग गोंगाट थोडा थोडा वाढवत बघायचं. याला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात. 1981 मध्ये बेन्झी, सुतेरा आणि वुल्पियानी या इटालियन संशोधकांनी ही कल्पना हिमयुगांसाठी मांडली. पृथ्वीच्या कक्षेच्या आकारात साधारण एक लाख वर्षांच्या चक्रात फरक पडतो. त्याने सूर्यप्रकाश अगदी नगण्य बदलतो, तरी हिमयुगं त्या तालावर कशी, हा प्रश्न. उत्तर असं, की हवामानाच्या रोजच्या उलथापालथीने त्या दुबळ्या तालाला वरंबा ओलांडायला हात दिला असेल. हिमयुगांपुरतं हे उत्तर पुढे फारसं टिकलं नाही, पण कल्पना टिकली. 1983 मध्ये श्मिट ट्रिगर सर्किटमध्ये, 1988 मध्ये रिंग लेझरमध्ये आणि 1993 मध्ये क्रेफिश नावाच्या गोड्या पाण्यातल्या कवचधारी प्राण्याच्या संवेदी पेशींमध्ये ती दिसली.

मंद ताल द्यायला मी 10 आरपीएमची गिअर मोटर आणली, म्हणजे सहा सेकंदांचं एक आवर्तन. ती चौकटीला जोडली आणि काहीच झालं नाही. पट्टीला पत्ताच नाही. पुढे येऊन काका म्हणाले, "चौकट कशाला हलवालीस गं? चुंबकच हलव की." मी समीकरण काढून बघितलं तर त्यांचं बरोबर. चौकट हलवून पट्टीला मिळणारा जोर वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सेकंदाला चार झोक्यांवरून सहा सेकंदांना एकावर आलं की तो शेकडो पटींनी घटतो. चुंबकांची पाटी डावी-उजवी सरकवली की मात्र सऱ्याच आळीपाळीने उथळ-खोल होतात, वेग कितीही कमी असो. काकांनी पाटीखाली स्लाइड बनवून दिली. त्यांना वर्ग वगैरे काढावा लागला नाही, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

गोंगाटासाठी रिवाइंडिंगवाल्याकडून दोन कॉइल गुंडाळून घेतल्या, पट्टीच्या दोन बाजूंना बसवल्या आणि आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाने दर 20 मिलिसेकंदांना नवीन रँडम आकड्याएवढा करंट सोडला. पट्टीचा स्वतःचा झोका पाव सेकंदाचा, त्यापुढे 20 मिलिसेकंद म्हणजे तिच्यासाठी सलग गोंगाटच. चौथ्या दिवशी शंका आली: सुरू केल्यावर पहिली उडी रोज सातव्या-आठव्या सेकंदालाच कशी? आर्डुइनोला सीड, म्हणजे रँडम यादी कुठून सुरू करायची तो आकडा, दिलं नाही तर तो प्रत्येक वेळी तीच रँडम यादी पहिल्यापासून वाचतो. चार दिवसांचं रीडिंग म्हणजे एकच रीडिंग चार वेळा. मोकळ्या पिनवरचं व्होल्टेज वाचून सीड द्यायला एक ओळ लागते. ती ओळ लिहिताना मी जे काही पुटपुटले ते इथे लिहीत नाही.

समांतर कॉम्प्युटरवर सिम्युलेशन चालू होतं, आणि तिथली चूक जास्त शिकवून गेली. मी समीकरणाला 0.01 सेकंदाच्या पायऱ्यांनी पुढे नेत होते. उड्या छान येत होत्या. मग जास्त अचूक करावं म्हणून पायरी 0.001 केली, आणि उड्या बंद. आणखी बारीक केली, पट्टी सरीच्या तळाशी गपगार. अचूकता वाढवावी तसा गोंगाट मरत होता. दोन रात्री मी मेमरी, व्हेरिएबल, सगळं तपासलं. चूक एका गुणाकारात होती. बाकीच्या टर्मप्रमाणे रँडम टर्मलाही मी पायरीच्या लांबीने गुणत होते. तिथे लांबीचं वर्गमूळ हवं. मग मी वहीवर नाणं उडवून बघितलं: छापा आला की एक घर उजवीकडे, काटा आला की डावीकडे. शंभर वेळा उडवून माणूस शंभर घरं जात नाही, साधारण दहा घरं जातो, कारण पावलं एकमेकांना खातात. म्हणून वेळेची पायरी शंभर पटीने लहान केली तर प्रत्येक रँडम धक्का दहाच पटीने लहान करायचा. मी शंभर पटीने करत होते. या पद्धतीला ऑयलर-मारुयामा म्हणतात. समीकरण पुस्तकात नीट छापलेलं होतं. वर्गमुळाचं चिन्ह मी टाइप करताना गाळलं होतं.

फेब्रुवारीत एकदाचं मोजायला बसले. पट्टीच्या टोकाला व्हाइटनरचा ठिपका, समोर मोबाइल, व्हिडिओ लावून प्रत्येक उडीमधलं अंतर सेकंदांत. गोंगाट कमी असताना पट्टी मिनिटंच्या मिनिटं एका सरीत बसून राहायची. जास्त असताना नुसती सैरावैरा. मधली जागा सापडवणं कठीण, कारण गोंगाट आणि उडीची वाट बघण्याचा वेळ यांचं नातं सरळ नाही. क्रेमर्स या डच भौतिकशास्त्रज्ञाने 1940 मध्येच दाखवलं होतं, की सरासरी वाट बघण्याचा वेळ वरंब्याची उंची भागिले गोंगाट याच्या घातांकाने बदलतो. गोंगाट कमी-जास्त करायचा नॉब एक काटा सरकवला की मिनिटांचे सेकंद होतात. नियम लिहायला सोपा आहे: मोटर बंद ठेवून, नुसत्या गोंगाटाने सरासरी तीन सेकंदांना एक उडी पडेल इतका नॉब लावायचा, म्हणजे आवर्तनाच्या निम्मा. मग मोटर चालू करायची.

वहीत मी किराणा दुकानदारासारख्या रेघा मारत गेले. चार उभ्या, पाचवी आडवी. पाचशेच्या आसपास उड्या झाल्यावर वही लांब धरून बघितली. तीन सेकंदांपाशी रेघांचा मोठा ढीग. सहाला जवळजवळ मोकळी जागा. नऊला लहान ढीग, बाराला मोकळं, पंधराला त्याहून लहान. पट्टीला पहिल्या अनुकूल क्षणी जमलं तर तीन सेकंद. चुकली तर पुढची संधी पूर्ण आवर्तनानंतर, म्हणजे नऊ. पेपरमध्ये हीच आकृती मी दहा वेळा बघितली होती. स्वतःच्या हस्ताक्षरात बघून मी काकांना हाक मारली. ते हात पुसत आले, बघितलं, म्हणाले, "मोकळी जागा बरोबर एकाआड एक पडलीया." आणि परत लेथवर गेले.

व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, तीन दिवस आधी शिम पकडीपाशी तुटली. फटीग. दोन महिने तिला एकाच जागी वाकवत होते, दुसरं काय होणार. नवीन तुकडा त्याच रोलमधला, पण लांबी केसभर वेगळी आणि पकड वेगळी, म्हणजे वरंबा वेगळा आणि नॉबची जुनी खूण कामाची नाही. पहिल्यांदा ती खूण शोधायला मला तीन आठवडे लागले होते. यावेळी मोटर बंद केली, घड्याळ लावलं, उड्या मोजत नॉब फिरवला. चाळीस मिनिटं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हिस्टोग्रामवर, म्हणजे त्या ढिगांच्या आकृतीवर, सहा सेकंदांपाशी बोट ठेवलं. "या तीन रेघा कसल्या?"

"उड्याच आहेत सर. चुकीच्या वेळी मारलेल्या."

"काढून का नाही टाकल्या?"

"डिसेंबरपर्यंत काढून टाकत होते, सर."

त्यांनी पान उलटलं.