माझ्या वहीत ३१ खोल्या होत्या

मागच्या महिन्यात माळा आवरताना एक जुनी चौकटींची वही सापडली, गणिताची. पुढून दहा-बारा पानं गणितं, आणि मागून उघडली की नकाशा. पेन्सिलने काढलेल्या खोल्या, बाण, काटे, एका ठिकाणी लाल पेनाने 'इथे उडी मारायची नाही' असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. दोन मिनिटं मला कळेचना हे काय आहे, आणि मग एकदम आठवलं. प्रिन्स ऑफ पर्शिया, पहिली लेव्हल.

ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. १९८९ चा गेम, जॉर्डन मेकनरने बनवलेला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एक एक फ्रेम काढली, म्हणून त्यातला हिरो खरोखरच्या माणसासारखा पळतो, थांबायचं म्हटलं तरी घसरत पुढे जातो, कड्याला लोंबकळताना त्याचं वजन जाणवतं. राजकन्येला सोडवायला फक्त ६० मिनिटं. एक स्क्रीन म्हणजे एक खोली. आणि गेम सुरू होतो तोच मुळी तुम्ही तळघरात येऊन पडता आणि तुमच्यामागे एक जाळीचं दार धाडकन बंद होतं इथून.

त्या दाराने मला वेड लावलं होतं. आपण तिकडूनच आलो ना, मग तिकडे काहीतरी असणारच. वहीत त्या दाराच्या पलीकडे मी लांबलचक बोळ काढलाय, त्याच्यापुढे पहारेकऱ्यांची खोली, एक विहीर, आणि सगळ्यात टोकाला प्रश्नचिन्ह असलेली एक रिकामी चौकट.

त्याच रात्री गेम शोधून लॅपटॉपवर लावला. मस्त वाटलं, ते आवाज, ती काटे बाहेर येण्याची खरखर. आणि वीस मिनिटात बंद केला. कंटाळा आला असं म्हणता येणार नाही, पण पुढे खेळावंसं वाटलं नाही, आणि हे मला फार लागलं, कारण मधल्या कितीतरी वर्षांत मोठ-मोठे गेम घेऊन त्यांचंही हेच झालंय. दहा तास खेळायचे, छान आहे म्हणायचं, सोडायचे. मग मी वहीतल्या खोल्या मोजल्या. ३१ भरल्या. हा गेम बांधलाच असा आहे की त्याच्या एका लेव्हलमध्ये २४ च्या वर खोल्या बसतच नाहीत. म्हणजे निदान सात खोल्या तरी माझ्या स्वतःच्या होत्या.

त्या दिवसापासून हे डोक्यात घोळतंय आणि म्हणून लिहायला बसलो. गेम आता पहिल्यासारखे का वाटत नाहीत यावर लोक खूप बोलतात, कोणी म्हणतं गेम बिघडले, कोणी म्हणतं आपण मोठे झालो, दोन्हीत तथ्य आहे. पण मला जे वाटतं ते असं की लहानपणी आपण जेवढा गेम स्क्रीनवर खेळायचो त्याच्या कितीतरी पट स्क्रीन बंद असताना खेळायचो, आणि तो बंद स्क्रीनचा खेळच आता आपल्या आयुष्यातून गेलाय.

मला आठवड्यातून एक तास मिळायचा. कॉम्प्युटर काकांचा, रविवारी सकाळी, तोही चुलत भाऊ (दादा) आणि मी मिळून, म्हणजे माझ्या हातात कीबोर्ड अर्धाच तास. पण तो उरलेला आठवडा! वर्गात बसून मी विचार करायचो की त्या पडणाऱ्या फरशीवरून पळत जाऊन उडी मारली तर पोचेल का, झोपताना तेच, आंघोळ करताना तेच, आणि रविवारी बसलो की सहा दिवस साठवलेली कल्पना तीस सेकंदात करून बघायची आणि मरायचं आणि तरी आनंद व्हायचा, कारण आता पुढच्या आठवड्याला विचार करायला नवीन काहीतरी मिळालं. दादा खेळत असायचा तेव्हा मी शेजारी बसून बघायचो आणि तेही खेळणंच होतं, आता उडी मार, अरे आता, थांब थांब, खाली बघ. तो मेला की मीच मेलो असं वाटायचं.

आणि त्या काळचे गेम या बंद वेळेसाठी जागा सोडायचे, मुद्दाम नसेल, पण सोडायचे. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स बघा, अख्खा गेम, सगळ्या ३२ लेव्हल, ४० किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडपं एकाच चित्रातून केली, फक्त रंग बदलला. मी कित्येक वर्षं खेळलो आणि मला ते एकदाही दिसलं नाही, कारण मी चित्र बघतच नव्हतो ना, मी आभाळ बघत होतो. चार ठिपके दिले की बाकीचं आपण भरायचो. आणि जे आपण भरायचो ते आपलं असायचं.

अफवा हा तर वेगळाच विषय, त्याच्यावर एक अख्खी पोस्ट होईल. मारिओमध्ये १-२ या लेव्हलच्या (पहिल्या जगातल्या दुसऱ्या) शेवटी भिंतीतून आरपार गेलं की एक पाण्याची लेव्हल येते जी कधी संपतच नाही, हे कोणीतरी सांगितलं तेव्हा आम्ही त्याला खोटारडा म्हणालो होतो. ते खरं निघालं, गेममधल्या चुकीमुळे तसं होतं. काँट्रा नावाच्या गेममध्ये वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए दाबलं की ३० लाइफ मिळतात, हेही तोंडातोंडीच आलं. पुढे वाचलं की हा कोड काझुहिसा हाशिमोटो नावाच्या माणसाने आधी १९८६ च्या ग्रेडियससाठी टाकला होता, गेम तपासताना त्यालाच तो फार अवघड जात होता म्हणून, आणि तो तसाच आत राहिला. पोकेमॉनवाल्यांची अफवा अजून भारी. बंदरावर एक ट्रक उभा आहे आणि तो हलवला की खाली म्यू, म्हणजे एक दुर्मिळ पोकेमॉन, मिळतो. ट्रक खरंच आहे, खाली काही नाही. पण म्यू गेममध्ये होताच! सगळं काम झाल्यावर शेवटी जी थोडीशी जागा रिकामी झाली त्यात शिगेकी मोरिमोटोने गुपचूप टाकलेला. म्हणजे ट्रकची गोष्ट खोटी आणि काहीतरी लपलंय ही भावना खरी. अशी खोटी गोष्ट खरी करून बघण्यात पोरांनी महिने घालवले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही.

आता काय होतं? गेम यायच्या आधी मी त्याचे तीन ट्रेलर बघितलेले असतात, कोणीतरी आधीच खेळून दाखवलेलं असतं. अडलो तर दोन मिनिटं वाट न बघता फोन उचलतो, आणि उत्तर असतंच. अडकून पडणं हाच तर तो बंद स्क्रीनचा खेळ होता, अडकलो म्हणून तर आठवडाभर डोक्यात राहायचा. आता अडकायलाच होत नाही. शिवाय मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे जिथे हवं तिकडे फिरता येतं अशा गेममध्ये, नकाशावर सगळीकडे खुणा असतात, इथे पेटी, इथे टॉवर, इथे मोहीम, १४ पैकी ६ झाले, ८ राहिले. मी वहीत नकाशा काढायचो तेव्हा एक एक खोली मिळवायचो, आणि इथे नकाशा आधीच भरलेला येतो आणि आपलं काम त्याच्यावर टिकमार्क करायचं. ऑफिसमध्येही मी तेच करतो.

बक्षिसांचंही मला खरंच वाईट वाटतं. २००५ ला एक्सबॉक्स ३६० सोबत अचीव्हमेंट, म्हणजे गेममध्ये काही केलं की मिळणारी पदकं, आल्या तेव्हा मला फार आवडल्या होत्या, लपवत नाही. मग रोजचं लॉगिन, रोजची मोहीम, सीझन पास, सात दिवस आलात तर हे मिळेल. १९७३ चा एक प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा. बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीपासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल आणि ते दिलं. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. काही दिवसांनी बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं मोकळ्या वेळात बरीच कमी चित्रं काढत होती. बाकीच्यांचं तसं झालं नाही. हे वाचलं त्या रात्री मी एका गेमचं रोजचं काम उरकायला बसलो होतो, आवडतं म्हणून नाही, सलग ४० दिवस झाले होते ते तुटू नये म्हणून. त्याच रात्री काढून टाकला तो.

ऑनलाइन खेळण्याबद्दल थोडक्यात. आमच्यात मी उडी मारण्यात भारी होतो आणि दादा तलवारीत, आणि तेवढ्या लहान जगात आम्ही दोघंही कोणीतरी होतो. आता सिस्टीम तुम्हाला तुमच्याच तोडीचे लोक शोधून देते, त्यामुळे कितीही सुधारलात तरी साधारण निम्मे सामने हरायचेच. न्याय्य आहे, मान्य. पण कोणाच्या नजरेत आपण भारी ठरत नाही, आणि सामना संपला की समोरचा माणूस कायमचा गायब.

वेळेचं म्हणाल तर वेळ कमी आहे हे आहेच, पण मला त्याहून जास्त सतावतं ते वेळेचे तुकडे होणं. मागे एक मोठा आरपीजी, म्हणजे एका पात्राची लांबलचक गोष्ट खेळायचा गेम, घेतला होता, मनापासून आवडला होता, मग कामाच्या गडबडीत तीन आठवडे गेले आणि परत लावला तर माझा माणूस एका पुलावर पावसात उभा, पाठीवर धनुष्य, आणि मला आठवेचना हा कुठे निघाला होता, कोणासाठी, आणि धनुष्य काढायचं बटण कोणतं. मी त्याला दोन मिनिटं तसाच पावसात उभा ठेवला आणि बंद केलं. लहानपणीही मध्ये सहा दिवस जायचेच की. पण त्या सहा दिवसांत मी एकदाही त्या तळघरातून बाहेर पडलेलो नसायचो. आताचे तीन आठवडे पूर्ण रिकामे होते, रांगेत उभं असलो, लिफ्टची वाट बघत असलो तरी हातात फोन असतो, डोक्याला त्या पुलावर जायला फटच मिळत नाही.

कोणी म्हणेल लहानपणच्या आठवणी गोडच होतात. होतात ना. माणसाला दहा ते तिशीपर्यंतचं सगळ्यात जास्त आठवतं हे मानसशास्त्रातही सांगतात. पण वही त्या वेळचीच आहे, त्यात नंतर काहीही गोड झालेलं नाही. त्या जास्तीच्या खोल्या तेव्हाच काढलेल्या आहेत.

आणि आताच्या गेममध्ये दम नाही असंही मी म्हणणार नाही. माइनक्राफ्ट खेळणारी पोरं बघा, हेरोब्राइन नावाच्या पांढऱ्या डोळ्यांच्या भुताला शोधत फिरलीत, जो गेममध्ये कधी नव्हताच. आमच्या ट्रकचाच भाऊ. मलाही मोठेपणी एकदा तसं झालं, २०१९ च्या आउटर वाइल्ड्समध्ये. त्यात तुमची ताकद वाढत नाही, हत्यार मिळत नाही, दर २२ मिनिटांनी सगळं पहिल्यापासून, आणि तुमच्याजवळ उरतं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते. जास्त सांगत नाही, खेळणार असाल तर कृपा करून काही वाचू नका. मी ठरवून काहीही शोधलं नाही, एका ठिकाणी चार दिवस अडकलो, आणि चौथ्या दिवशी भांडी घासताना उत्तर सुचलं. हात ओले, आणि मी तसाच उभा. किती वर्षांनी.

परवा बहीण आली होती, भाची नऊ वर्षांची. लॅपटॉपवर तो प्रिन्स अजून होताच, तिला लावून दिला. येऊन पडली, दार धाडकन बंद झालं, आणि पुढे जायचं सोडून ती वळली आणि दाराला जाऊन भिडली.

"मामा, ह्याच्या मागे काय आहे?"

मला माहीत होतं. काही नाही असं तोंडावर आलंही होतं, पण म्हटलं, "तुला काय वाटतं?" तिने खांदे उडवले आणि खेळायला लागली, तीनदा काट्यांवर पडली, मग जायची वेळ झाली.

काल रात्री बहिणीच्या फोनवरून तिचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "मामा, त्या दाराच्या मागे पायऱ्या असणार. कारण तो वरून पडला ना."

फोन ठेवल्यावर मी वही काढून बघितली. बोळ आहे, पहारेकऱ्यांची खोली आहे, विहीर आहे. पायऱ्या मी काढल्याच नव्हत्या.