आमची वाटचाल : पिल्लं कमी, चौकशी जास्त

आम्ही नवरा-बायको मिळून लॅब्राडॉर जातीच्या कुत्र्यांचं छोटं केनेल, म्हणजे पैदास केंद्र, चालवतो. माद्या मोजक्याच आहेत, त्या घरातच आमच्या पायात पायात वावरतात, आणि एखादं वर्ष असंही जातं की एकही वीण होत नाही. तरी हा आमचा व्यवसाय आहे. हिशेबाच्या वह्या आहेत, करारपत्रं आहेत, प्रत्येक कुत्र्याची फाइल आहे. वाटचाल लिहिताना बहुतेक जण आपण किती वाढलो ते सांगतात. आम्ही कुठे कुठे थांबलो आणि का थांबलो, हे आम्हाला सांगावंसं वाटतं. जातिवंत पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाला त्याचाच जास्त उपयोग होईल.

सुरुवात एका मादीपासून झाली, तिचं नाव चंदा. ज्या ज्येष्ठ ब्रीडर बाईंकडून ती घेतली, त्यांनी पिल्लू दाखवायच्या आधी आमचीच उलटतपासणी घेतली. दिवसभर घरी कोण असतं? घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का? मोठं आजारपण निघालं तर खर्च झेपेल का? दहा-बारा वर्षांनी तुम्ही कुठे असाल? आम्हाला त्या प्रश्नांचा राग आला नाही, उलट धीर आला. पिल्लाबद्दल एवढी काळजी करणाऱ्या बाईंनी त्याच्या आईबापांचीही तेवढीच काळजी घेतली असणार, हे उघड होतं. पुढे हे काम आम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलो.

चंदा दोन वर्षांची झाल्यावर तिच्या खुब्यांचा एक्स-रे काढला. दोन वर्षं थांबण्याला कारण आहे. मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष वाढत्या वयात पुरता दिसत नाही, आणि अमेरिकेतली ओएफए ही संस्था तर २४ महिन्यांच्या आत अंतिम प्रमाणपत्रच देत नाही. डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावली. मांडीच्या हाडाचा गोल माथा उखळीत खोल बसलेला असायला हवा. चंदाची उखळी उथळ होती आणि माथा जवळजवळ अर्धा बाहेर दिसत होता. बाहेर वऱ्हांड्यात मात्र ती शेपटी आपटत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारत होती. लंगडणं नाही, दुखणं नाही. वजन आटोक्यात ठेवलं तर आयुष्य मजेत काढेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि तसंच झालं.

पण तिची पिल्लं घ्यायची नाहीत, हे त्याच दिवशी ठरलं. खुब्याचा हा दोष एका जनुकामुळे होत नाही, त्यामागे अनेक जनुकं असतात. त्यामुळे रक्ताच्या एखाद्या तपासणीने तो पकडता येत नाही. एक्स-रे बघूनच जोड्या ठरवाव्या लागतात, तेही आईबाप, भावंडं, आजी-आजोबा सगळ्यांचे. आम्ही तिची नसबंदी केली आणि ती शेवटपर्यंत घरची लाडकी म्हणून राहिली. तोवर जागा, कुंपण, बाळंतपणाची पेटी सगळं तयार होतं. ओळखीतले म्हणत होते, "अहो, छान तर पळतेय की!" व्यवसाय पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागला, आणि आम्हाला वाटतं की आमचं केनेल खरं सुरू झालं ते त्या दिवशी.

दुसऱ्या मादीपासून तपासण्यांची शिस्त बसली. खुबे, कोपर, डोळ्यांची तज्ज्ञाकडून तपासणी, आणि लॅब्राडॉरमध्ये आढळणाऱ्या आनुवंशिक आजारांसाठी डीएनए चाचण्या. यातला एक आजार पीआरए, ज्यात दृष्टिपटल हळूहळू निकामी होऊन कुत्रा आंधळा होतो. दुसरा ईआयसी, ज्यात चांगला धडधाकट कुत्रा जोरात खेळता खेळता मागच्या पायांतून लुळा पडतो. हे दोन्ही दोष आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन सदोष प्रती मिळाल्या तरच होतात. एकच प्रत असलेला कुत्रा वाहक असतो आणि जन्मभर ठणठणीत राहतो. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर त्यांच्या एकाही पिल्लाला तो आजार होत नाही. म्हणून वाहक म्हटलं की कुत्रा बादच करायचा, असं आम्ही करत नाही. सगळे वाहक बाजूला काढत गेलो तर जातीतलं रक्त आणखी आटतं, आणि जवळच्या नात्यातल्या संबंधांची बाधा आधीच काही कमी नाही.

इथे कागदांबद्दल सांगायलाच हवं. लोक विचारतात, "कागद आहेत ना?" आणि वंशावळीचं प्रमाणपत्र दाखवलं की समाधानाने मान हलवतात. त्या प्रमाणपत्रात फक्त आईबापांची आणि पूर्वजांची नावं असतात. तब्येतीबद्दल त्यात अवाक्षर नसतं. तब्येतीचे कागद वेगळे: एक्स-रेचा निकाल, डोळ्यांचा दाखला, डीएनएचे अहवाल, आणि त्या प्रत्येकावर आई आणि बाप दोघांचे मायक्रोचिप क्रमांक. ती पंधरा आकडी चिप डॉक्टरांकडे स्कॅन करून क्रमांक जुळवून बघा. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही हे स्वतःहून करायला लावतो. विचारायला संकोच वाटत असेल तर तो सोडा. तपासणी करून घेतलेल्या ब्रीडरला ती दाखवायची हौसच असते.

मादी माजावर आली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासून मिलनाचा दिवस ठरवतो. बीजोत्सर्गापासून साधारण ६३ दिवसांनी बाळंतपण. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप बघायचा. पारा ३७ अंशांच्या आसपास उतरला की पुढच्या चोवीस तासांत कधीही सुरुवात होणार, हे धरून चालायचं. मग कामं, निमंत्रणं, झोप, सगळं बाजूला.

पहिले दोन आठवडे तर वजनकाट्यावरच जातात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला कुडकुडून स्वतःला गरम करता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. म्हणून पेटीत पहिल्या आठवड्यात ३० अंशांच्या आसपास ऊब ठेवतो. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची मऊ पट्टी असते, आणि वहीत त्या रंगाचा रकाना. मागच्या विणीत हिरव्या पट्टीची मादी दुसऱ्या दिवशी काट्यावर आदल्या दिवसाइतकीच भरली. ती रडत नव्हती, मलूलही दिसत नव्हती. पण सगळी वाढत असताना एखादं जागच्या जागी राहणं हीच पहिली खूण असते. पेटीपाशी बसून पाहिलं, तर दोन दांडगे भाऊ तिला प्रत्येक वेळी सडापासून ढकलून देत होते. मग त्या दोघांना थोडा वेळ बाजूला ठेवायचं आणि तिला मागच्या, भरलेल्या सडाला लावायचं, हे दिवसरात्र दर दोन तासांनी केलं. चौथ्या दिवशी तिच्या रकान्यातला आकडा इतरांच्या चालीने चढायला लागला, तेव्हा आम्ही आळीपाळीने झोपलो.

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्यानंतर थोड्या दिवसांनी. आणि तिसऱ्या आठवड्यापासून जे सुरू होतं, ते आमच्या मते ब्रीडरचं सर्वात मोलाचं काम. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेत मेन राज्यातल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ पिल्लाच्या स्वभावाचा पाया घालतो. या काळात माणसं, आवाज, जमिनीचे प्रकार ओळखीचे झाले नाहीत तर भित्रेपणा जन्माचा चिकटू शकतो. म्हणजे त्यातला निम्मा काळ पिल्लू आमच्याकडेच असतं. म्हणून पेटी स्वयंपाकघराच्या दारात हलवतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, पडलेलं ताट, छत्री उघडणं, दाढीवाला पाहुणा, काठी घेतलेल्या आजी, सगळ्यांशी ओळख होते. अंधाऱ्या शेडमध्ये वाढलेल्या पिल्लाला नंतर कितीही प्रेम दिलं तरी हे आठवडे परत आणता येत नाहीत. दिसायला ते तितकंच गोंडस असतं, म्हणूनच लोक फसतात.

आठ आठवड्यांच्या आत आम्ही पिल्लू देत नाही. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो, त्यातून दात किती लावायचे हे पिल्लू शिकतं. "लहानपणीच आणलं की लळा लागतो," असं सांगून महिन्याभराची पिल्लं देणारे भेटतात. त्यांना पिल्लू खायला घालण्याचा खर्च वाचवायचा असतो, लळ्याशी त्याचा काही संबंध नाही.

बघायला येणाऱ्यांना बूट बाहेर काढून हात-पाय धुवायला लावतो, त्याचं काही जणांना वाईट वाटतं. कारण पार्वो, पिल्लांचा जीव घेऊ शकणारा संसर्गजन्य विषाणू. १९७८ मध्ये हा विषाणू जगभर पसरला. जमिनीवर तो महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लशीलाच निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. त्यासाठीच सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यायची असते. एक सुई झाली म्हणजे लसीकरण झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

व्यवसाय थोडा नावारूपाला आल्यावर एक विक्रेते आले. प्रत्येक वीण ते एकरकमी उचलणार होते. आम्हाला ना फोन घ्यावे लागणार होते, ना मुलाखती. आम्ही नाही म्हणालो, कारण पिल्लू कुणाच्या घरी गेलं हे आम्हाला कधीच कळलं नसतं आणि घेणाऱ्याला आई कधीच दिसली नसती. इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्लं अशी त्रयस्थ विक्रेत्यामार्फत विकायला कायद्यानेच बंदी आहे, आणि त्या कायद्याला 'लूसी' या केनेलमधून सोडवून आणलेल्या कुत्रीचं नाव पडलं आहे. विणीवरच पोट अवलंबून असेल तर मादीवर ताण येणारच, हे आम्हाला दिसत होतं. म्हणून रोजचा खर्च निघेल अशी दुसरी सोय केली. मालक बाहेरगावी गेले की कुत्री सांभाळायची आणि लहान पिल्लांचे शिकवणी वर्ग घ्यायचे. त्यामुळे मादीला सक्तीने विश्रांती देता येते आणि वय झालं की तिचं काम कायमचं थांबवता येतं.

रंगावरून येणारी मागणी हा आणखी एक विषय. लॅब्राडॉरचे मान्य रंग तीन: काळा, पिवळा, चॉकलेटी. त्याबाहेरचा 'दुर्मीळ' रंग जास्त पैशांना देऊ करणाऱ्यापासून दूर राहावं. चॉकलेटीसाठी अडून बसणाऱ्यांना आम्ही २०१८ चा एक अभ्यास सांगतो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून केलेल्या त्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्राडॉरचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं आणि काळ्या-पिवळ्यांचं १२.१ वर्षं निघालं. रंगासाठीच जोड्या लावत गेल्याने निवडीचं क्षेत्र आक्रसलं असावं, असा संशोधकांचा अंदाज. आमच्याकडे कुठलं पिल्लू कुणाला, हे सातव्या आठवड्यात स्वभाव बघून आम्ही ठरवतो. दांडगोबा धावपळ करणाऱ्या घरी, शांत पिल्लू आजी-आजोबांच्या घरी. रंग त्यानंतर.

पिल्लाबरोबर मालकांना आम्ही जे बजावतो त्यात पहिलं म्हणजे जाड करू नका. लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांवर एक मोठा अभ्यास झाला आहे. भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं आणि आयुष्यभर नोंदी ठेवल्या. सडपातळ राहिलेली जवळपास दोन वर्षं जास्त जगली, त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. जेवणाच्या वेळी केविलवाणं बघणं या जातीच्या रक्तातच असतं. त्याला बळी पडू नका, बरगड्या हाताला लागायला हव्यात.

आणि करारातलं सर्वात महत्त्वाचं कलम: कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने कुत्रा ठेवणं अशक्य झालं तर तो आमच्याकडेच परत यायचा. एका घरात आजारपण आलं आणि चार वर्षांचा नर परत आला, तेव्हा ते गृहस्थ दारात मान खाली घालून उभे होते. आम्ही त्यांचे आभार मानले. त्यांनी शब्द पाळला होता. तो काही महिने आमच्याकडे राहिला आणि मग आमच्या प्रतीक्षायादीतल्या एका जोडप्याकडे गेला, ज्यांना पिल्लापेक्षा जाणता कुत्राच हवा होता.

आमचीही वयं वाढतायत, म्हणून या कलमात नुकतीच भर घातली आहे. आम्ही दोघंही कुत्रा परत घेण्याच्या स्थितीत नसलो तर जबाबदारी कुणाची, त्या ब्रीडरचं नाव आणि त्यांची लेखी संमती आता करारात आहे. जुन्या सगळ्या घरांना सुधारित प्रत पाठवली आहे. पत्ता बदलल्यामुळे ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली नसेल त्यांनी कळवावं, आणि मायक्रोचिपच्या नोंदीतला पत्ताही त्याच वेळी बदलून घ्यावा.