दोन घरांचं भाडं

सोलापुरात बाई एकटी खोली बघायला गेली की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा ‘मिस्टर काय करतात?’ पहिल्याचं उत्तर मी खरं देते. दुसऱ्याला म्हणते, ‘पुण्याला असतात, कंपनीत.’ माझे हे पुण्याचे मिस्टर फार गुणी आहेत. भाडं वेळेवर पाठवतात, दारू पीत नाहीत, आवाज चढवत नाहीत, आणि मुळात कधी येतच नाहीत.

मी धंदा करते. स्वतःचा. मध्ये कोठा चालवणारी घरवाली नाही, दलाल नाही, फोन माझा आणि गिऱ्हाईकाला हो-नाही म्हणणारीही मीच. वय चाळिशीच्या अलीकडे, पोरगी दहावीला, आई सोबत. नाव सांगणार नाही. पुढे ज्या भागांची नावं येतील त्यातल्या एकातही माझी खोली नाही, तेव्हा शोधाशोध करू नका.

लोकांना वाटतं या कामातलं मोठं दुखणं म्हणजे गिऱ्हाईक नाहीतर पोलीस. असेलही. माझ्या डोक्यात महिनाभर घोळतं ते भाडं, कारण मी दोन भाडी भरते. राहत्या घराचे साडेसात हजार आणि कामाच्या खोलीचे पाच. वर दोन लाइटबिलं, दोन ठिकाणी अडकलेलं डिपॉझिट. कामाची खोली सोडली तर त्याच पैशात पोरीचे सगळे क्लास निघतील, हा हिशोब मलाही येतो. पण राहत्या घरात गिऱ्हाईक आणायचं नाही, यावर चर्चाच नाही. आमच्या मजल्यावर दार वाजवायची पद्धत नाही. शेजारच्या काकू शेंगाचटणीची वाटी घेऊन सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतात.

लॉजवर का जात नाहीस, असं विचारणाऱ्याने एकदा सोलापूरचं आधार घेऊन सोलापूरच्याच लॉजच्या काउंटरवर उभं राहून बघावं. ‘लोकल आयडी चालत नाही, मॅडम.’ तीच मी लातूरला उतरले तर रीतसर किल्ली मिळते. मास्क्ड आधार द्यावं म्हणतात, पण त्यात पहिले आठ आकडे झाकतात, नाव-पत्ता तसाच राहतो, आणि मला झाकायचं असतं ते नेमकं नाव आणि पत्ता. काही ठिकाणी लोकल घेतात. तिथे रजिस्टरात नाव न लिहिण्याचे वेगळे, तासाचे वेगळे आणि मॅनेजरच्या चहापाण्याचे वेगळे. रेड पडली की हाच मॅनेजर तुम्हाला ओळखत नाही.

खरं शहाणपण दोघींनी मिळून खोली घेण्यात. मी आणि एक मैत्रीण, तिला इथे रेखा म्हणू, आम्ही काही काळ तसं केलंही. भाडं निम्मं व्हायचं ते झालंच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी. एकीचं गिऱ्हाईक असलं की दुसरी स्वयंपाकघरात. टीव्ही लावायचा, मधूनच कुकरचं झाकण ओट्यावर आपटायचं. आत कुणीतरी आहे एवढं कळलं की पैशावरून कुरकुर करणारा माणूसही कसा सरळ होतो, ते मी पुष्कळ पाहिलंय.

मग एका संस्थेतल्या वकील ताईंनी १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा समजावून सांगितला. आम्ही त्याला पिटा म्हणतो. त्यात कुंटणखान्याची व्याख्या अशी आहे की एखादी जागा दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी वापरली, किंवा दोन वा जास्त बायकांच्या आपसातल्या फायद्यासाठी वापरली, तर ती जागा कुंटणखाना. म्हणजे मी एकटी बंद दाराआड काम करते तो गुन्हा नाही. २०२० साली मुंबई हायकोर्टानेही तीन बायकांना सुधारगृहातून सोडताना तेच सांगितलं, की वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली मुळात गुन्हा नाही. पण रेखा स्वयंपाकघरात कुकरचं झाकण घेऊन बसली की तीच खोली कुंटणखाना. चालवणाऱ्याला पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षं सक्तमजुरी, आणि माहीत असून जागा देणाऱ्या मालकाला दोन वर्षांपर्यंत कैद.

मी ताईंना म्हटलं, ‘मग एकटीचा कुणी गळा दाबला तर?’

‘त्याला कलम आहे की.’

‘ते कधी लागतं?’

ताई गप्प बसल्या. म्हणाल्या, ‘दाबल्यावर.’

रेखाने खोली सोडली. तिचा मुलगा तेव्हा नुकताच कॉलेजला गेला होता, आणि याच कायद्यातलं चौथं कलम तिने ऐकलं होतं. आमच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही दोषी ठरू शकतो, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि सोबत राहणारा माणूस कमाईवरच जगतो असं गृहीत धरतात. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. कलम आणलं दलालाला धरायला. माझ्या घरात ते लागू पडेल माझ्या आईला, जिची विड्या वळून बोटं वाकडी झाली आणि जी आता फक्त माझ्या भाकरीवर आहे. पोरीला अठरा पूर्ण व्हायला तीन वर्षंही उरली नाहीत. मुलगी सज्ञान झाली की बाकीच्या आया लग्नाच्या नाहीतर नोकरीच्या चिंतेला लागतात.

सातवं कलम तर सोलापूरसाठी विनोदच आहे. देऊळ, मशीद, शाळा, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत काम केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मी एकदा मोबाइलवर नकाशा उघडून अंतर मोजत बसले होते. साखर पेठ, कन्ना चौक, मंगळवार पेठ, कुठेही बोट ठेवा, मारुती नाहीतर बसवण्णा आलाच, आणि त्याच्या शेजारी बालवाडी. भर तलावात जागा शोधावी तर तिथे साक्षात सिद्धरामेश्वर बसलेले.

या सगळ्याचा भाड्याशी काय संबंध, तर असा. मालकाला एकदा कळलं की तो दोनपैकी एक करतो. एक, रात्रीत सामान बाहेर. कोर्टकचेरी लागतच नाही, ‘गल्लीत सांगू का?’ एवढं वाक्य पुरतं. दोन, तो काहीच म्हणत नाही आणि भाडं वाढवतो. माझ्या आधीच्या मालकाने दुसरा रस्ता धरला. तीन हजारांची खोली, ती सहा हजारांची झाली. म्हणाले, ‘ताई, तुमचं काय ते तुम्हाला माहीत, पण रिस्क आमची हाय ना.’ माणूस तसा खोटं बोलत नव्हता. रिस्क कायद्याने त्यांच्याच गळ्यात घातलीय. फक्त तिचा हप्ता माझ्याकडून कापला जातो. पुढे दिवाळीला वेगळे, त्यांच्या नातवाच्या बारशाला वेगळे, असं चालू झालं तेव्हा मी निघाले. डिपॉझिट अर्थातच परत आलं नाही, आणि मागायला मी कुठे जाणार होते?

आत्ताची खोली मी भाडं बघून नाही, दारं बघून घेतली. दारं दोन आहेत, एक जिन्याकडे, एक मागच्या गॅलरीत उघडणारं. खाली युनिफॉर्म शिवणारं युनिट, दिवसभर मशिनींची घरघर, बाजूला कापडाचं गोडाऊन. मी स्वतः पूर्वी गारमेंटमध्ये काज-बटणाचं काम केलंय, त्यामुळे बोली येते. बाहेर सांगते की सॅम्पल दाखवायचं काम आहे. हे सुचायला वेळ लागला. आधी मी ब्लाउज-पिकोचा बोर्ड लावायच्या विचारात होते, पण ब्लाउज शिवणारणीकडे पुरुष कशाला येतील? उलट गल्लीतल्या बायका येतील, आणि आल्या की बसतील. सोलापुरात युनिफॉर्मच्या सॅम्पलसाठी हातात पिशवी घेतलेला परगावचा माणूस जिना चढला तर कुत्रंसुद्धा भुंकत नाही. गिऱ्हाईकांना मी सांगूनच ठेवलंय, येताना हातात पिशवी असू दे.

फक्त दिवसा काम. आणि पाण्याच्या दिवशी सुट्टी. ज्यांना रोज नळाला पाणी येतं त्यांना हे कळायचं नाही. चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं तेव्हा आख्खी इमारत जिन्यात असते, पाइप, बॅरल, मोटारी, कुणाचं आधी भरायचं यावरून वाद. त्या दोन तासांत जिन्यातून अनोळखी पुरुष वर आला तर पंधरा बायका त्याला चेहऱ्याने ओळखून ठेवतात. पाणी मध्येच अवेळी सुटलं तर वरून फोन करून माणसाला कोपऱ्यावरूनच परत पाठवलंय मी. ते पैसे गेले म्हणायचं.

दुसऱ्या दाराचे मी महिन्याला हजार रुपये जास्त मोजते, आणि ते एकदा वसूल झालेत. एक जण आटपल्यावर निघेचना. मोबाइल दाखवून म्हणाला, व्हिडिओ काढलाय, पैसे परत दे. काढला होता की नाही देव जाणे. असं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. ११२ला फोन लावला असता तर गाडी आलीही असती. पण गाडी येते म्हणजे खाली युनिटसमोर उभी राहते, हवालदार मजला विचारतो, आणि खोली त्याच दिवशी जाते. मी मागचं दार उघडलं, गॅलरीत उभी राहिले आणि खाली ओरडले, ‘मास्तर, सॅम्पलवाले साहेब निघालेत, जरा रिक्षा दावा की त्यांना!’ खालून तिघांनी मान वर केली. साहेब पिशवी विसरून गेले.

पैशाचं तर वेगळंच कोडं आहे. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय नवीन माणसाला वेळ द्यायची नाही, असं शहाण्या बायका सांगतात, कारण पैसे पाठवताना त्याचं खरं नाव कळतं. पण यूपीआयवर माझंही नाव त्याला दिसतं. मध्यंतरी दुकानाच्या नावाचा क्यूआर काढून मी हे मिटवलं होतं; समोरच्याला दुकानाचं नाव दिसायचं. ३० जून २०२५पर्यंत सगळ्या ॲपनी पैसे पाठवायच्या आधी बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, असा नियम आला. फसवणूक थांबावी म्हणून आला, बरोबरच आहे, माझ्या आईलाही एकदा गंडवलं होतं. पण माझं बँकेतलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, आडनाव, सगळं गाव. त्यामुळे आता रोख. रोख म्हणजे ॲडव्हान्स नाही, म्हणजे नवीन माणूस कोण आहे ते दार उघडल्यावर कळणार. त्यावर उपाय एवढाच की नवीन माणूस जवळजवळ घ्यायचाच नाही. कमाई त्याने घटते, भाडं घटत नाही.

रेखाला मी अजून मेसेज टाकते. ‘भाजी आणली’ म्हणजे माणूस आला, ‘भाजी निवडली’ म्हणजे गेला. मध्ये फार वेळ गेला तर ती फोन करते. तिला यासाठी काही द्यावं असं मनात येतं, पण दिलं की ती माझ्या कमाईवर जगणारी. म्हणून तिच्या मुलाच्या वाढदिवसाला मी जरा जास्तच महागाचे बूट घेते.

नाक्यावरच्या वस्तीत ही भानगड नाही. तिथे घरवाली निम्मे खाते, पण हाक मारली तर दहा जणी धावतात. सांगलीकडच्या बायकांनी तर १९९६ सालीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. गल्ली असली की संघटना होते. आम्ही सुट्या बायका, मोर्चात चालायचं तर तोंड दाखवावं लागतं.

१९ मे २०२२चा सुप्रीम कोर्टाचा आदेश मी मराठीतून वाचलाय. पोलिसांनी आमच्याशी सन्मानाने वागावं, पेपरात-टीव्हीवर ओळख उघड करू नये, पत्त्याचा पुरावा नसला तरी नाकोच्या, म्हणजे सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या, अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्यावं, आणि त्या आधारवर धंद्याची कसलीही खूण नसावी. ही शेवटची अट ज्याने सुचवली त्याला आमच्यातलं काहीतरी कळतं. भाड्याच्या खोलीबद्दल मात्र त्यात ओळ नाही.

माझ्या मावशीला कुंभारीच्या रे नगरात घर मिळालं. १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते पंधरा हजार घरं दिली त्यातलं एक. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या, सगळ्यांनी कॉम्रेडांच्या मागे वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेलं. मावशी म्हणते, तूही फॉर्म भर कुठेतरी. भरेन. व्यवसायाच्या रकान्यात शिवणकाम लिहीन, उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा ते मावशीला माहीत नाही.

कामाच्या खोलीचा करार या महिन्यात संपतोय. नोंदणी हवी असं मीच धरून बसते, कारण नोंदलेला कागद असला की मालकाला आज सांगून उद्या काढता येत नाही. त्याची किंमत म्हणजे माझा फोटो, अंगठा, नाव आणि त्या खोलीचा पत्ता सरकारी दप्तरात एका पानावर. ते एक मी कबूल केलंय. मालक काका पाचशे वाढवा म्हणतात. मी दोनशेवर अडलेय, आणि तेही पुढच्या दाराला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर बसवून दिलं तर.

‘जाळी कशाला? चोऱ्या होतात का काय?’

‘सॅम्पल महागाची असतात, काका.’

वेल्डरला विचारून सांगतो म्हणालेत.