डोहाआधी प्राणवायू आटतो

हंगामी नदीची धार तुटली की मासे डोहांत अडकतात. मग डोहात पाणी किती उरलंय हे सगळे बघतात, पण पुष्कळदा कंबरभर पाणी असतानाच मासे उलटे पडतात. २० अंशाच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात. कुजणारा पाला, शेवाळ आणि दाटीने राहणारे मासे रात्रभर तोच ओढत असतात.

म्हणून मोजायचं ते उजाडायच्या आधी, एकदा वर आणि एकदा तळाशी. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असतं, तेव्हाचा आकडा फसवतो. पहाटेचा आकडा लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक जातींची धडगत नसते. मीटर नसेल तर मासेच बघा. पहाटे ते तोंडं वर काढून चुळबुळताना दिसतात, पण हवा गिळत नसतात. हवेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर कल्ल्यांवरून नेत असतात. ऊन चढल्यावर खाली गेले तर ठीक. नाही गेले, तर डोह हाताबाहेर चाललाय.

मरळ आणि शिंगीची गोष्ट वेगळी. मरळीच्या कल्ल्यांवर हवेची पोकळी असते, शिंगीच्या पाठीत कल्ल्यांपासून मागे जाणाऱ्या दोन हवेच्या पिशव्या. गढूळ, सडक्या पाण्यातही त्यांचं भागतं. पण मोठी मरळ जाळ्यात पाण्याखाली अडकली तर चक्क बुडून मरते!

आफ्रिकेतला फुप्फुसमासा याच्याही पुढचा. चिखलात बीळ करून तो दुमडून बसतो, अंगावरचा बुळबुळीत स्राव वाळून कवच होतं, तोंडाशी तेवढं भोक उरतं. अंगात तयार होणारा विषारी अमोनिया धुऊन न्यायला पाणी नसल्याने तो त्याचा युरिया करून अंगातच साठवतो. मोझांबिक, झिम्बाब्वेच्या डबक्यांतले किलीफिश स्वतः वाचतच नाहीत. कोरड्या मातीत त्यांची अंडी वाढ थांबवून पावसाची वाट बघतात.

अडकलेल्या माशांना खाणं टाकू नका, उरलेलं कुजून प्राणवायू खातं. पाणी उपसू नका, काठची सावली तोडू नका. पहिल्या सरीला निर्धास्तही होऊ नका: ती पात्रातला सगळा कुजका पाला डोहात लोटते आणि उन्हाळा काढलेले मासे तेव्हा मरतात. पुढच्या पुरात वाचलेले वर चढतात, पण रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी पाणी उंचावरून पडत असेल तर बारके मासे तिथेच अडतात. तिथे दगड रचून उतार करून द्यावा, आणि तोही पात्र कोरडं असतानाच.