मोंटानात पहिली अस्वलाची शिकार आखताना

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात काळ्या अस्वलाच्या शिकारीचा वसंतातला मोसम 15 एप्रिलला उघडतो, आणि पहिल्यांदा जाणारे बरेच जण नेमकी त्याच आठवड्याची रजा टाकतात. ती बहुधा फुकट जाते. तेव्हा वरचे रस्ते बर्फाखाली असतात, जंगलखात्याची फाटकं बंद असतात आणि गुहेतून नुकती निघालेली अस्वलं अजून सुस्त असतात, फारसं खात नाहीत की लांब हिंडत नाहीत. आधी मोठे नर बाहेर पडतात, नवजात पिल्लं असलेल्या माद्या सगळ्यांत शेवटी. माझं मत विचाराल तर मेच्या मध्यानंतरचा आठवडा धरा. मेअखेरीस माजावर आलेले नर भरदिवसा मैलोन्मैल फिरतात, पण तोवर त्यांचं कातडं झाडांवर घासून जागोजागी विरळ झालेलं असतं. कातडं हवं असेल तर थोडं लवकर जा. काही विभाग 31 मेला बंद होतात, काही 15 जूनला, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी विभाग ठरवा.

हेच राज्य का? वॉशिंग्टन राज्याने वसंतातली ही शिकार 2022 मध्ये थांबवली, कोलोरॅडोत ती 1992 च्या मतदानापासून बंद आहे, ओरेगॉनमध्ये बहुतेक ठिकाणी सोडत लागते. मोंटानात आणि आयडाहोच्या बऱ्याच भागांत लायसन्स थेट विकत मिळतं. 1 जानेवारी 1985 नंतर जन्मलेल्यांना मोंटानात शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं आणि वर सगळ्यांनाच अस्वल ओळखण्याची ऑनलाइन परीक्षा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी क्रम चुकवू नये. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं गुन्हा आहे. त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे राज्याचं वैध शिकार-लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग मित्राची रायफल हातात, सरावापुरतीसुद्धा. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही.

मोंटानात आमिष टाकायला बंदी आहे, त्यामुळे सगळा खेळ दुर्बिणीचा. वसंतातलं अस्वल म्हणजे मुख्यतः चरणारं जनावर: कोवळं गवत, क्लोव्हर, डँडेलियन. बर्फ सगळ्यांत आधी दक्षिण आणि नैर्ऋत्य उतारांवरून हटतो, म्हणून नकाशावर तेच उतार खुणा करून ठेवा. हिमस्खलनाने झाडं साफ झालेले पट्टे आणि लाकूडतोडीचे बंद केलेले, क्लोव्हर माजलेले जुने रस्ते सोडू नका. अशा रस्त्यावर फाटकापासून पायी जायचं आणि विष्ठा बघायची. हिरवी, ओलसर आणि गवताच्या काड्यांनी भरलेली असेल तर अस्वल जवळपास आहे. काळी पडून सुकलेली असेल तर पुढे चला. बर्फ जसजसा वर सरकतो तसतशी ताजी हिरवळही वर जाते, तेव्हा मागच्या आठवड्याची जागा धरून बसू नका.

समोरच्या उतारावर बसा. दहा पट दुर्बीण ट्रायपॉडवर लावा, हातात धरून तासभर नीट दिसत नाही. दुपारी चारपासून काळोखापर्यंतची वेळ सर्वांत चांगली. मेअखेरीस पश्चिम मोंटानात सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो आणि गोळी झाडायला त्यानंतर अर्ध्या तासापर्यंतच परवानगी असते. अस्वल दिसलं की धावत सुटू नका. पलीकडे पोचल्यावर तो उतार ओळखूच येत नाही, म्हणून आधी एखादं वठलेलं झाड किंवा खडक खूण म्हणून धरा. वारा तोंडावर हवा. संध्याकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहू लागते, आणि वर बसून वास दिलात तर खालचं अस्वल गेलंच म्हणून समजा.

आता ओळख. इथे चूक महागात पडते, कारण ग्रिझली ही अस्वलाची वेगळी जात 1975 पासून अलास्का-हवाई वगळता बाकी अमेरिकेत संरक्षित आहे. रंगावर अजिबात जाऊ नका; पश्चिमेकडची काळी अस्वलं तपकिरी, दालचिनी, अगदी सोनेरीसुद्धा असतात. खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा, आखूड गोल कान, लांब फिकट नखं ही ग्रिझलीची लक्षणं, आणि एकाच लक्षणावर निर्णय नको. काळं अस्वलही मान खाली घालून चरताना खांद्यावर उंचवटा असल्यासारखं दिसतं. पुढच्या पायाचा ठसा मिळाला तर मोठ्या बोटाच्या तळापासून तळव्याच्या गादीच्या वरच्या कडेला लागून सरळ रेषा ओढा. लहान बोट निम्म्याहून जास्त रेषेच्या वर असेल तर ग्रिझली, खाली असेल तर काळं. अस्वलाचं मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं, आपल्यासारखं आतल्या नव्हे.

पिल्लं किंवा पिल्लांसह असलेली मादी मारता येत नाही. वसंतातलं पिल्लू उंच गवतात सहज दडतं आणि बरेचदा आईच्या मागे राहतं, म्हणून निदान वीस मिनिटं नुसतं बघा. कान डोक्याच्या मानाने मोठे दिसले तर अस्वल लहान. कान बाजूला, इवलेसे आणि पोट जमिनीलगत दिसलं तर जनावर मोठं.

तीनशे-आठ किंवा तीस-झिरो-सिक्स काडतुसाची रायफल पुरेशी आहे. पहिल्या वेळी दोनशे यार्डांपलीकडे जाऊ नका, आणि जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबा. छातीखाली लोंबणारे केस शरीराचा भाग वाटतात, त्यामुळे नेम खाली जातो. चरबी आणि दाट केस रक्त शोषून घेतात, माग पुसट राहतो. गोळी लागली तिथली खूण नीट लक्षात ठेवा. कातडं लगेच काढा. उष्णतेने काखा, जांघ, कान आणि पंजे इथले केस आधी सुटतात. लिंगाचा पुरावा कातड्याला जोडलेलाच राहू द्या आणि 48 तासांत शिकार कळवा. कातडं किंवा कवटी भारतात न्यायचा बेत सोडून द्या, हे अस्वल साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, विमानात हातातही चालत नाही, सामानातही नाही. तिथे उतरून घ्या आणि पाठपिशवीत नव्हे, छातीवर किंवा कमरेला लावा.

मांस फ्रीझरमध्ये ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, हा समज घातक आहे. अस्वलात सापडणाऱ्या ट्रिकिनेला कृमीच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत. 2022 मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाने 45 दिवस गोठवलेल्या अस्वलाच्या मांसाचे कबाब केले आणि सहा जण आजारी पडले. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त सोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. मांस मुळातच गडद असल्याने कच्चं राहिलंय हे रंगावरून कळलं नाही. तेव्हा थर्मामीटर घ्या, मधोमध 74 अंश सेल्सिअस होऊ द्या. तुकडे कबाबापेक्षा रश्श्यात घालून मंद आचेवर तीन तास शिजवलेले बरे.