दहाव्या मिनिटाचं सॅम्पल

पॅराथायरॉइड या गळ्यातल्या ग्रंथीचं ऑपरेशन असलं की त्या दिवशी आमच्या बायोकेमिस्ट्री लॅबमधलं एक मशीन ओटीसाठी, म्हणजे ऑपरेशन थिएटरसाठी, राखून ठेवतात. गाठ काढतात सर्जन, पण काम पुरं झालं की नाही हे त्यांना आमच्या आकड्यावरून कळतं. लॅब टेक्निशियन म्हणून अशी सॅम्पल्स मी बऱ्याचदा लावली आहेत. सांगोल्याकडच्या एका अंगणवाडीताईंची केस मात्र आमच्या क्षेत्रातल्या आणि बाहेरच्याही लोकांना कळायला हवी असं मला वाटतं.

ताई पस्तिशीच्या. मूतखडे पुन्हा पुन्हा व्हायचे, काढले तरी परत व्हायचे. मग मांडी ठणकायला लागली. एक दिवस ओट्यावरून उतरताना पाय जरासा मुरगळला आणि मांडीचं हाड मोडलं. एक्स-रेत हाडात पोकळी दिसली. बाहेर कुठेतरी तुकडा तपासला, तर ‘जायंट सेल ट्यूमर’ असा रिपोर्ट आला आणि घरच्यांनी कॅन्सर गृहीत धरला. आमच्याकडच्या ऑर्थोपेडिक सरांनी हाडाला हात लावण्याआधी कॅल्शियम करायला सांगितलं. ते निघालं १३.४. नॉर्मल साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असतं.

असा आकडा आला की आम्ही आधी सॅम्पलवर संशय घेतो. दंडाचा पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम उगीच वाढलेलं दिसतं. म्हणून मी स्वतः वॉर्डात जाऊन पट्टा न बांधता रक्त घेतलं. तरीही तेवढंच. मग पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन लावलं. ते साधारण ६५च्या आत असायला हवं, ताईंचं सहाशेच्या वर होतं.

गळ्यात थायरॉइडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. त्यातली एखादी बेलगाम झाली की हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणत राहते. लघवीवाटे ते जास्त जाऊ लागलं की खडे होतात, आणि हाडात अशा पोकळ्या पडतात. त्यांना ‘ब्राउन ट्यूमर’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जायंट सेल ट्यूमरसारख्याच दिसतात, पण तो कॅन्सर नव्हे. ग्रंथी काढली की हाड हळूहळू भरून येतं. ज्यांना वारंवार मूतखडा होतो त्यांचं कॅल्शियम एकदा तरी तपासलंच पाहिजे, हे मी भेटेल त्या डॉक्टरांना सांगत असते. साधी, स्वस्त तपासणी आहे. ती वेळेत झाली असती तर ताईंचं हाड कदाचित मोडलंच नसतं.

हे ऑपरेशन पहिल्यांदा झालं १९२५ साली व्हिएन्नात. फेलिक्स मांडल या सर्जननी हाडं ठिसूळ झालेल्या एका ट्राम कंडक्टरच्या गळ्यातली गाठ काढली. तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षं चारही ग्रंथी डोळ्यांनी शोधून बघाव्या लागत. हे चित्र बदललं ते एका गोष्टीमुळे: ग्रंथीतून येणं थांबलं की रक्तातलं पीटीएच तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. मायामीच्या जॉर्ज आयर्विन यांनी त्याचा फायदा घेऊन ऑपरेशन चालू असतानाच पीटीएच मोजायची पद्धत रूढ केली. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी आकडा आधीच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या निम्म्यावर किंवा त्याखाली आला, तर रोगट भाग निघाला असं समजायचं.

ताईंच्या सेस्टामिबी स्कॅनमध्ये, म्हणजे बिघडलेली पॅराथायरॉइड शोधायच्या स्कॅनमध्ये, उजव्या बाजूला खाली एकच गाठ दिसत होती. सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी टक्के रुग्णांत एकच ग्रंथी बिघडलेली असते, त्यामुळे लहान छेदातून ती काढायची असं ठरलं.

छेद घेण्याआधीचं सॅम्पल ६१२. गाठ हाताळली की हार्मोन आणखी सुटतं, त्यामुळे ती काढायच्या क्षणीचं ६८४. म्हणजे ३४२ ही आमची रेषा. पाच मिनिटांचं ५६०. मग दहाव्या मिनिटाची जांभळ्या टोपीची ट्यूब बर्फातून आली, मी ती सेंट्रिफ्यूजला (रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्राला) लावली आणि बाहेर काढली तर वरचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गुलाबी. खरं तर तो फिकट पिवळा असायला हवा. बहुधा हाताच्या मागच्या बारीक शिरेतून सिरिंज जोरात ओढली गेली असावी, आणि तांबड्या पेशी फुटल्या असाव्यात. फुटलेल्या पेशींमुळे पीटीएच खोटंच कमी येऊ शकतं.

मशीनने आकडा दिला २९८. रेषेच्या आत. फोनवर ओटीच्या सिस्टर थांबल्या होत्या. आकड्यात काहीच विचित्र नव्हतं, ५६० वरून पाच मिनिटांत एवढी घसरण अगदी शक्य आहे. शंका यावी असा फक्त प्लाझ्माचा रंग होता. “सिस्टर, हा आकडा धरू नका. सॅम्पल फुटलंय. कोपराच्या मोठ्या शिरेतून, न ओढता, नवं द्या. आणि मॅडमना सांगा, टाके नको.”

सर्जन मॅडम स्वतः फोनवर आल्या. भूल चालू, गळा उघडा, पुढची केस बाहेर थांबलेली. त्यांनी एकच विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की, मॅडम.” त्या थांबल्या. त्यांचा हा गुण मला फार मोठा वाटतो. घाईच्या क्षणी लॅबचं ऐकणारे सर्जन सगळीकडे मिळत नाहीत.

नव्या सॅम्पलचा प्लाझ्मा स्वच्छ होता. आकडा आला ५०५. म्हणजे गळ्यात आणखी एक गाठ होती. मॅडमनी छेद वाढवला. डाव्या बाजूची खालची ग्रंथी जागेवर नव्हती, ती छातीकडे उतरणाऱ्या थायमस या दुसऱ्या एका ग्रंथीच्या टोकात लपली होती. ती काढल्यावर दहा मिनिटांनी ९६, वीस मिनिटांनी ५८. दोन्ही सॅम्पल्स मी खिडकीशी धरून पाहिली आणि मगच आकडे सांगितले.

या विषयात नवं पुष्कळ येतं आहे. फ्लुओरोकोलीनचा पेट स्कॅन सेस्टामिबीत न दिसणाऱ्या गाठीही बऱ्याचदा दाखवतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की ठरावीक अवरक्त प्रकाश टाकला तर पॅराथायरॉइड कोणतंही औषध न देता आपोआप चमकते. २०१८मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा उपकरणांना परवानगीही दिली. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये निरोगी ग्रंथी चुकून निघू नये म्हणून याचा मोठाच उपयोग आहे. पण हा पेशीसमूह पॅराथायरॉइडचा आहे, एवढंच तो प्रकाश सांगतो. आत आणखी बेलगाम ग्रंथी राहिली का, हे अजून रक्तच सांगतं. म्हणून अशा केसच्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी आता थिएटरमध्ये उभं असतं, रक्त कुठून आणि कसं ओढलं जातंय ते बघायला.

तिसऱ्या रात्री ताईंच्या ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. कॅल्शियम ७.२. इतके दिवस लुटली गेलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम परत शोषून घेत होती. याला ‘हंग्री बोन’ म्हणतात. कॅल्शियम ग्लुकोनेटचं सलाईन लावलं, सोबत कॅल्सिट्रिऑल म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, आणि दर सहा तासांनी आमच्याकडे ट्यूब. त्या दिवसांत रक्त घ्यायला गेले की ताई आधीच बाही वर सरकवून बसलेल्या असायच्या. “पट्टा नको ना, ताई?” त्याच विचारायच्या.

सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम नॉर्मल राहिलं तरच रोग बरा झाला असं धरतात. ताई फेरतपासणीला वॉकर न घेता आल्या. कॅल्शियम ९.४, पीटीएच ४१, आणि नव्या एक्स-रेत मांडीची पोकळी कडेने भरत आलेली.